राखण, दवंडी आणि रचना

(कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मृतीस अर्पण केलेलं, कोल्हापूर येथील व्याख्यान)



७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. चित्रपट कोल्हापूरचा, आणि ज्या कॅमेऱ्यावर तो टिपला तो कॅमेराही कोल्हापुरातच घडलेला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मिस्त्री बंधूंनी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम तडीस नेलं. तानीबाई कागलकरांनी पैसा उभा करून दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने चित्रपटात मात्र रंगवलेल्या पडद्यांवर भागवलं नाही. माणसं खरोखर वावरतील अशी भरीव नेपथ्यं त्याने उभारली. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकं स्वतः रंगवली. छायाचित्रांसकट माहितीपुस्तिका छापून त्या प्रेक्षकांच्या हाती दिल्या.

‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला, की सरकारने तो कापायला लावला.

आजच्या भाषेत मांडायचं तर बाबूराव एकाच वेळी दोन व्यवसाय करत होते. एक, आभासी जग रचण्याचा. दुसरा, त्या जगाकडे लोकांना बोलावण्याचा. तिसरं काम, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला त्या जगापासून इजा होऊ नये हे बघण्याचं, त्या काळी सरकारकडे होतं. ते कात्री घेऊन बाहेरून आलं. शंभर वर्षांनी परिस्थिती पालटली आहे. आज पडदा खिशात आहे, खेळ चोवीस तास चालू आहे, आणि कात्री घेऊन कुणी यायच्या आत नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून राखण, दवंडी आणि रचना ही तिन्ही कामं एकाच माणसाला कळली पाहिजेत, हे या व्याख्यानाचं प्रतिपादन आहे. ऑनलाइन सुरक्षा, डिजिटल मार्केटिंग आणि आभासी विश्वं या तीन क्षेत्रांतून प्रवास करणारी कारकीर्द ही आता चैन उरलेली नाही. समाजाला तिची गरज आहे.

अशी कारकीर्द निवडणाऱ्या मुलाला घरात काय ऐकावं लागतं, हे सभागृहातल्या पालकांना ठाऊक आहे. दोन वर्षं सायबर सुरक्षेत काढली, मग जाहिरातीच्या कंपनीत गेला, आता गेम बनवणाऱ्यांकडे जातोय म्हणतो. एक ना धड भाराभर चिंध्या! या शेऱ्यामागे काळजी असते. पण तो मारण्यापूर्वी या तीन क्षेत्रांत प्रत्यक्ष काय चालतं ते बघायला हवं.

सुरुवात राखणीपासून. महाराष्ट्रातलं त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण कोल्हापूरच्या शेजारच्या जिल्ह्याने दिलं आहे. कैलाश काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले. १९९० च्या सुमारास पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःचं दुकान काढलं आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये बिघाड यंत्राचा कमी आणि व्हायरसचा जास्त, असं वारंवार दिसू लागलं. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव धारण केलं, २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने साठ कोटी रुपये गुंतवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

ही कहाणी जिद्दीची म्हणून नेहमी सांगितली जाते. तिच्यातला एक धागा मात्र दुर्लक्षित राहतो. परदेशी कंपन्यांची अँटिव्हायरस उत्पादनं तेव्हाही बाजारात होती. काटकरांचा माल खपला तो दुरुस्तीच्या टेबलावरून. ज्याने आपला बंद पडलेला संगणक चालू करून दिला, त्याच्याकडूनच लोकांनी अँटिव्हायरसची प्रत विकत घेतली. पुढे गावोगावच्या संगणक विक्रेत्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ती विकली. राखण करणाऱ्यानेच दवंडी दिली, म्हणून ती लोकांना पटली. सुरक्षेचं ज्ञान आणि विक्रीचं कसब एका घरात, दोन भावांमध्ये नांदत होतं. हे दोन विभाग वेगळ्या इमारतींत बसवलेल्या कंपन्यांना जे साधायला वर्षं लागली, ते मंगळवार पेठेतल्या दुकानातून सुरू झालेल्या धंद्यात आपसूक घडलं.

राखण ढिली पडली तर काय होतं, हेही पुण्याने पाहिलं आहे. आणि कोल्हापूरनेही.

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत हल्लेखोरांनी आधीच शिरकाव केलेला होता. एटीएममध्ये कार्ड घातलं की एक प्रश्न बँकेकडे जातो: या खात्यात एवढे पैसे आहेत का? हा प्रश्न आणि त्याचं उत्तर ज्या मार्गाने ये-जा करतात, त्या मार्गावर चोरांनी आपली बनावट यंत्रणा बसवली. प्रश्न बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत पोचतच नव्हता. मध्येच बसलेली ती यंत्रणा प्रत्येक वेळी ‘आहेत, देऊन टाका’ असं उत्तर पाठवत होती. दोन-सव्वादोन तासांत अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशात रुपे कार्डांच्या २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहारांच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पोचले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर.

देशात नोटा काढणाऱ्या टोळीने जी एटीएम वापरली, त्यांत कोल्हापुरातलीही होती. हल्ल्यामागे उत्तर कोरियाशी संबंधित हात असल्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे बोट दाखवलं. डोकं हजारो मैलांवर होतं, पण यंत्रासमोर उभं राहून नोटा मोजणारे हात आपल्या शहरात होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं. सायबर गुन्हा म्हणजे दूर कुठेतरी घडणारी गोष्ट, ही समजूत कोल्हापूरकरांनी हल्ल्याच्या दिवशीच सोडून द्यायला हवी होती.

आता दवंडी. डिजिटल मार्केटिंगचा अभ्यास करणाऱ्याला धडा घ्यायला अमेरिकेपर्यंत जाण्याचं कारण नाही. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा सोहळा केला. त्यात मॉडेलांच्या पायांत जी पादत्राणं होती, ती बघून महाराष्ट्रात कुणालाही ही कोल्हापुरी चप्पल आहे अशी ओळख पटवायची गरज पडली नाही. कंपनीने त्यांचं वर्णन मात्र चामड्याच्या सँडल एवढंच केलं होतं. छायाचित्रं मोबाइलवर फिरली, संताप उसळला, कोल्हापूरचे ललित गांधी अध्यक्ष असलेल्या महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र लिहिलं आणि या रचनेमागे भारतीय कारागिरांची परंपरा आहे हे कंपनीला मान्य करावं लागलं. जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे दोन हजार जोड इथल्या परंपरेने बनवून घेऊन ते जगभर विकायची योजना जाहीर झाली. एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून. तो कागद होता म्हणून भांडायला पाय रोवता आले. पण तेवढ्याने काम झालं नसतं. हजारो सामान्य माणसांनी फोटोशेजारी फोटो ठेवून जे दाखवलं, त्याने जगाचं लक्ष वेधलं. एक रुपयाही खर्च न करता झालेली ही कोल्हापूरच्या इतिहासातली सर्वांत मोठी जाहिरात होती.

याच शहराने दवंडीची दुसरी बाजूही भोगली आहे. जून २०२३ मध्ये काही मोबाइलवरच्या स्टेटसमुळे तणाव पेटला, ७ जूनला रस्त्यावर दगडफेक झाली, लाठीमार झाला, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. चपलेच्या फोटोला ज्या यंत्रणेने जगभर नेलं, तीच यंत्रणा त्या स्टेटसलाही पुढे नेत होती. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवणं एवढंच तिला समजतं. काय पोचवायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवणारा माणूसच लागतो.

चपलेच्या कारागिराकडे जरा जवळून बघू. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, तळ, कान, पट्टे, वेणी, चामड्याच्याच वादीची शिलाई, आणि कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाली असे एकेक घाट. एका जोडावर दिवस जातात. अशा कारागिराच्या मुलाने चांगले फोटो काढून ऑनलाइन विक्री सुरू केली, की काही दिवसांत एक ठरावीक प्रकारचा फोन येऊ शकतो. पलीकडचा माणूस स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो. युनिटसाठी पन्नास जोड हवेत. भाव करत नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग म्हणतो, आगाऊ रक्कम देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. ही फसवणूक देशभर असंख्य छोट्या विक्रेत्यांच्या वाट्याला आलेली आहे.

इथे मार्केटिंगवाल्याची खरी परीक्षा आहे. त्याने कारागिराला पान काढून दिलं, फोटो चढवले, जाहिरात लावली, गिऱ्हाईक आणलं. पण ‘पैसे येताना पिन लागत नाही’ हे पाच शब्द सांगितले नसतील, तर त्याने गिऱ्हाइकाबरोबर चोरालाही पत्ता देऊन ठेवला. ही सूचना देणं हे सुरक्षा विभागाचं काम आहे असं म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत. त्या कारागिराकडे सुरक्षा विभाग नाहीच. त्याच्याकडे हा एकच माणूस आहे.

जाहिरात आणि फसवणूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण त्यांची काही हत्यारं एकसारखी आहेत हे स्वच्छपणे मान्य केलं पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. तिच्यात पहिला क्रमांक आहे खोट्या घाईचा. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘सवलत संपायला दहा मिनिटं’, असं खोटंच सांगून माणसाला विचार करायला उसंत न देणं. वीज आज रात्री तोडली जाईल, असा संदेश पाठवणारा चोरही दुसरं काय करतो? त्यालाही माणसाची उसंतच काढून घ्यायची असते. सुरक्षेत काम केलेला माणूस मार्केटिंगमध्ये आला, तर त्याला ही खोटी घाई चटकन ओळखू येते, आणि आपल्या जाहिरातीत ती आली तर तो ती काढून टाकू शकतो. उलट, मार्केटिंग जाणणारा सुरक्षेत गेला, तर लोकांना कळेल आणि लक्षात राहील अशी सूचना तो लिहू शकतो. बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या सूचना वाचल्या तर या दुसऱ्या माणसाची उणीव पदोपदी जाणवते.

तिसरं क्षेत्र रचनेचं. आभासी विश्व ही कल्पना फेसबुकची नाही. जून २००३ मध्ये लिंडेन लॅबने ‘सेकंड लाइफ’ खुलं केलं. त्यात माणसं स्वतःची पात्रं घडवून हिंडत, घरं बांधत, जमिनी विकत. तिथल्या आभासी जमिनीच्या व्यवहारांतून मोठी कमाई करणारी अ‍ॅन्शी चुंग २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’च्या मुखपृष्ठावर झळकली. पुढे २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने आपल्या कंपनीचं नावच बदलून मेटा केलं. २०२० पासूनच्या काही वर्षांत या कंपनीच्या आभासी विश्वाच्या विभागाला साठ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला आहे. पैसा, इंजिनिअर, प्रसिद्धी, कशाचीही कमी नव्हती.

या प्रयोगातली एक घटना रचनाकारांनी गाठीशी बांधावी अशी आहे. मेटाच्या ‘होरायझन वर्ल्ड्स’मध्ये स्त्रियांच्या पात्रांना घेरणं, अंगचटीला येणं अशा तक्रारी आल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने प्रत्येक पात्राभोवती मर्यादा आखली. दोन पात्रांमध्ये साधारण चार फुटांचं अंतर आपोआप राहील अशी ती व्यवस्था. भिंती, आकाश, बाग, नाचघर सगळं रचून झालं, आणि माणसाला सुरक्षित अंतर लागतं हे मागाहून आठवलं. आराखड्याच्या पहिल्या दिवशी राखणीचा माणूस टेबलावर असता, तर ती मर्यादा दारं-खिडक्यांच्या आधी आखली गेली असती.

दवंडी नसली तर चांगली रचनाही अडते, याचं उदाहरण पुण्यात आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ नावाचा खेळ बनवायला घेतला. आपल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, भोवती भारतीय पुराणांतली दैवतं आणि असुर, राजस्थानी वळणाचे महाल. लोकवर्गणीसाठी त्यांनी किकस्टार्टरवर केलेली मोहीम अपयशी ठरली. चमू डगमगला नाही. २०२० मध्ये खेळ बाहेर आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. गुण होतेच. ते लोकांपर्यंत पोचवायचं बळ मात्र सुरुवातीला अपुरं पडलं.

आता या तिन्ही विद्या एकत्र वापरल्या तर काय साधतं, ते बघू. दुर्दैवाने त्याचा सर्वांत परिणामकारक नमुना चोरांनी दाखवला आहे.

ऑगस्ट २०२४. वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल, वय ८२, हयात उद्योगात गेलेली. त्यांना फोन आला, एका मनी लाँडरिंगच्या प्रकरणात तुमचं नाव आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर सीबीआयचे म्हणवणारे अधिकारी. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. आणि मग थेट सर्वोच्च न्यायालयाची ‘सुनावणी’. पडद्यावर न्यायालय, सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस, आणि शिक्क्यानिशी आलेला आदेश. ओसवालांचे सात कोटी रुपये गेले. पोलिसांनी त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवले. ओसवालांनी स्वतः पुढे येऊन ही हकीकत जगाला सांगितली. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून त्यांनी दाखवलेलं हे धैर्य मोठं आहे.

या गुन्ह्यात कुठलंही कुलूप तोडलं गेलं नाही. चोरांनी न्यायालयाचं नेपथ्य उभं केलं, ही रचना. कुणाला काय सांगितलं की तो घाबरेल याचा अभ्यास करून शब्द निवडले, ही दवंडी. आणि घरातली, बँकेतली, मित्रांतली राखण कशी दूर ठेवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ‘कुणाशी बोलू नका’ ही पहिली अट. चोर ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, तो अटकेचा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना हे देशाला समजावून सांगावं लागलं. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले, आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिपटीहून जास्त.

चोरांच्या टोळीत नेपथ्यकार, संवादलेखक आणि तंत्रज्ञ एका खोलीत बसतात. त्यांना अडवणारी आपली माणसं मात्र तीन वेगळ्या महाविद्यालयांत शिकतात, तीन वेगळ्या कंपन्यांत नोकरी करतात आणि एकमेकांच्या कामाकडे जरा खालच्या नजरेने बघतात. सुरक्षेवाल्याला मार्केटिंग म्हणजे बडबड वाटते. मार्केटिंगवाल्याला सुरक्षा म्हणजे आडकाठी वाटते. गेम बनवणाऱ्याला दोघेही रसिकता नसलेले वाटतात. ही दरी बुजवायला तिन्हीकडे राहून आलेली माणसं हवीत.

कायदाही याच दिशेने सरकतो आहे. ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागेल, असं म्हटलं आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यालाही त्याने मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सना वाट मोकळी करणारा कायदा झाला. मुलांचा एखादा खेळ बनवणाऱ्या कंपनीला आता एकाच वाक्यात तिन्ही विषय समजणारा माणूस लागणार आहे: खेळात मूल काय करतं, त्याच्यासमोर कुठली जाहिरात येते, आणि त्याची माहिती कुठे साठवली जाते. असा माणूस आज शोधून सापडत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. संधी येते आहे हे खरं. ती घ्यायची तर काय शिकावं, हा प्रश्न तरुणांचा असतो. नेटवर्क कसं चालतं, माहिती कशी साठवली जाते, संशयास्पद नोंद कशी वाचायची, हा पाया. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली बेकायदेशीर आहे, आणि ‘मी फक्त बघत होतो’ ही सबब चालत नाही, हे पहिल्याच दिवशी शिकावं. ज्या कंपन्या आपल्या त्रुटी शोधून देणाऱ्याला रीतसर बक्षीस देतात, तिथे हात साफ करावा. त्याच्या जोडीला आकडे वाचायला यावेत: जाहिरात कुणी पाहिली, कुठे सोडली, का सोडली. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं घडवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरच्या संगणकावर शिकता येतं. आणि मराठी चांगलं लिहिता यावं. सावधगिरीची सूचना शेतकऱ्याला, आजीला, रिक्षावाल्याला एका वाचनात कळेल अशी लिहिणं हे कसबाचं काम आहे, आणि ते बाहेरून आयात करता येत नाही.

वयाची पंचविशी ते पस्तिशी या तीन क्षेत्रांत घालवलेली व्यक्ती चाळिशीत जे करू शकते, ते एकाच खुर्चीत वाढलेल्याला करता येत नाही. हा अनुभव चिंध्यांचा ढीग नाही. बाबूराव चित्र काढायचे, शिल्प घडवायचे, यंत्र बनवायचे, दिग्दर्शन करायचे आणि जाहिरातही रंगवायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी १ जून १९२९ रोजी सीताराम कुलकर्णींसह याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. एका माणसाने अनेक कामं करण्याची रीत कोल्हापूरने देशाला दाखवून दिलेली आहे.

हे पुन्हा घडवायला लागणारं सगळं कोल्हापुरात हाताच्या अंतरावर आहे. शिवाजी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्ससारख्या कलासंस्था आहेत, वाणिज्य शिकणारी हजारो मुलं आहेत, चित्रनगरी आहे, पोलिसांचं सायबर ठाणं आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आपला पन्हाळाही आहे.

म्हणून या व्यासपीठावरून एक नेमकी विनंती आहे. येत्या शैक्षणिक वर्षात शहरातल्या एका अभियांत्रिकी, एका वाणिज्य आणि एका कला महाविद्यालयाने मिळून एकच प्रकल्प हाती घ्यावा: पन्हाळगडाची आभासी सफर आणि तिला जोडून चप्पल कारागिरांचं ऑनलाइन दालन. कलेच्या मुलांनी गड रचावा, वाणिज्याच्या मुलांनी तो जगापर्यंत न्यावा, अभियांत्रिकीच्या मुलांनी त्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाची आणि प्रत्येक कारागिराची राखण करावी. दर चार महिन्यांनी तिघांनी जागा बदलाव्यात, म्हणजे वर्षअखेर प्रत्येकाने तिन्ही कामं केलेली असतील. पालकांनी त्या मुलांना धरसोडीचा बोल लावू नये. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक नोंदवून द्यावा. फसवणूक झाल्यावर पहिल्या तासाभरात त्या क्रमांकावर फोन गेला, तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.